उन्हाळ्यात रात्रीचा उरलेला भात सकाळपर्यंत टिकत नाही : कारण आणि उपाय

मार्च सरत आला की आमच्या परभणीच्या घरात दरवर्षी एकच तक्रार सुरू होते. रात्रीच्या जेवणात उरलेल्या भातावरचे झाकण सकाळी काढावे, तर कधी त्याला आंबूस वास आलेला असतो, कधी शितांना तार सुटलेली असते, आणि कधी वरून काहीच कळत नाही, पण त्याच भाताचा फोडणीचा भात खाल्ल्यावर दोन-तीन तासांत घरातल्या एखाद्याला मळमळू लागते. हा त्रास टाळण्यासाठी आम्ही भात फ्रीजमध्ये ठेवू लागलो, तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. सकाळी भाताचा खडा झालेला असे, आणि गरम करायला घेतला की कढईला लागलेली शिते करपत, मधला गोळा मात्र गारच राही.

जालन्यापासून लातूरपर्यंतच्या आमच्या नातेवाइकांत कोणाशीही बोलले, तरी उन्हाळ्यात भात विटायचाच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले दिसते. उपाय विचारला, तर जो तो सकाळच्या फोडणीकडे बोट दाखवतो : तेल जरा जास्त घाला, हिंग घाला, भात चांगला खमंग परता. माझा अनुभव आणि त्यामागचे विज्ञान या दोन्हींचे म्हणणे वेगळे आहे. भात सकाळच्या कढईत बिघडत नाही आणि तिथे दुरुस्तही होत नाही. तो आदल्या रात्री, जेवणे उरकल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार तासांत बिघडतो, आणि म्हणून सुधारणाही तिथेच करावी लागते.

आधी करून पाहिलेले उपाय

भांडे बदलून पाहिले. ॲल्युमिनियमच्या भगुन्याऐवजी स्टीलचा डबा घेतला, त्याने फरक पडला नाही. शिजवताना मीठ घातले, पण चवीपुरते मीठ भात टिकवायला पुरत नाही. रात्रभर खिडकीत ठेवला, तर एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीनंतरही बाहेरची हवा तिशीच्या आसपास असते. सगळ्यांत समाधानकारक वाटलेला उपाय म्हणजे भांडे माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळी हवेत पाणी वेगाने सुकते आणि सुकताना उष्णता ओढून घेते, त्यामुळे भांडे खरोखर थंड लागते. परंतु ही थंडाई माठातल्या पाण्याइतकीच असते. माठातले पाणी पिताना कितीही गार वाटले, तरी ते फ्रीजच्या पाण्याइतके थंड नसते, आणि भात रात्रभर सुरक्षित राहायला 5 अंशांखालचे तापमान लागते. ओल्या फडक्याने बिघाड काही तास लांबतो, थांबत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की तेवढाही उपयोग उरत नाही.

अखेर टोकदार दांडीचा, स्वयंपाकात वापरायचा थर्मामीटर आणला आणि एप्रिलमधल्या एका रात्री झाकलेल्या भाताच्या मध्यभागी तो खुपसून आकडे लिहून ठेवले. नऊ वाजता, जेवणाच्या वेळी, भात 78 अंशांवर होता. साडेदहाला तो 56 अंशांवर आला, मध्यरात्री 45 वर, आणि पहाटे साडेपाचला 34 वर, म्हणजे स्वयंपाकघराच्या हवेइतका. हात लावला की भांडे बाहेरून साडेदहालाच कोमट झालेले होते, त्यामुळे भात निवला अशी आमची समजूत होत असे. आतला गोळा मात्र रात्रभर जिवाणूंना हव्या असलेल्या उबेत पडून होता.

या उबेत काय घडते

तांदळाबरोबर शेतातल्या मातीतून बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू येतात. बीजाणू म्हणजे जिवाणूची कवचबंद, झोपलेली अवस्था. तांदूळ धुतल्याने ते पूर्णपणे जात नाहीत आणि उकळत्या पाण्यात भात शिजवल्यानेही सगळे मरत नाहीत, उलट त्या उष्णतेने त्यांची झोप मोडते. कुकरमध्ये तापमान उकळीपेक्षा जास्त चढते हे खरे, परंतु तीन शिट्ट्यांना निर्जंतुकीकरण समजू नये. शिवाय झाकण उघडल्यानंतर उलथण्यातून, वाढणाऱ्या हातातून आणि हवेतल्या धुळीतून नवे जिवाणू भातात येतच राहतात.

भात 60 अंशांच्या वर असेपर्यंत हे जिवाणू वाढू शकत नाहीत, आणि 5 अंशांच्या खाली गेल्यावर त्यांची वाढ जवळजवळ थांबते. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा धोक्याचा आहे, आणि त्यातही साधारण 30 ते 37 अंशांची ऊब त्यांना सर्वांत मानवते. मराठवाड्यातले उन्हाळ्यातले स्वयंपाकघर रात्रभर नेमके याच उबेत असते. मऊ, ओला, पिठूळ भात त्यांना आयते अन्न पुरवतो.

वाढता वाढता या जिवाणूचे काही प्रकार भातात सेरुलाइड नावाचे विष सोडतात. उलटी घडवते ते हेच विष, आणि आपल्या फोडणीवरच्या विश्वासाला छेद देणारी गोष्टही हीच आहे. जिवाणू उष्णतेने मरतो, पण त्याने सोडलेले विष मरत नाही. 121 अंशांवर दीड तास तापवूनही ते टिकून राहते, असे आढळले आहे. घरातल्या कढईत, वाफेत किंवा मायक्रोवेव्हमध्ये भाताला अशी उष्णता कधीच मिळत नाही, आणि मिळाली तरी विष तसेच राहील. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी कितीही कडक परतला, तरी तो निर्धोक होत नाही.

ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी उपाहारगृहांतला परतलेला भात खाऊन लोकांना उलट्या होण्याच्या घटना एकामागून एक नोंदल्या गेल्या, आणि उलटीच्या आजाराचा या जिवाणूशी असलेला संबंध त्यांतूनच स्पष्ट झाला. तिथे भात मोठ्या प्रमाणात शिजवून तसाच बाहेर ठेवत आणि मागणी येईल तसा थोडा थोडा तेलावर झटपट परतून देत. आपल्या फोडणीच्या भाताची रीत याहून फारशी वेगळी नाही. तिथली हवा मात्र आपल्यापेक्षा पुष्कळ थंड.

वासावर विसंबू नये, याचे कारणही इथेच आहे. आंबूस वास आणि तार हे बहुधा इतर जिवाणूंचे काम असते, आणि तो भात कोणीही टाकूनच देतो. सेरुलाइड असलेल्या भाताला मात्र वेगळा वास, रंग किंवा चव असेलच असे नाही. चांगला दिसतो म्हणून परतलेला भातच अधिक फसवतो.

भाकरीची सवय भाताला लागू पडत नाही

आमच्या भागात शिळे अन्न म्हणजे मुख्यतः भाकरी. ज्वारीची भाकरी तापलेल्या तव्यावर आणि मग विस्तवावर भाजली जाते, तिचा पापुद्रा सुकतो, आणि फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली तर ती दुसऱ्या दिवशी दुधात किंवा कालवणात कुस्करून बिनघोर खाता येते. शेतावर नेलेली भाकरी आणि ठेचा दुपारपर्यंत उत्तम राहतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या अनुभवातून शिळे खाल्ल्याने काही होत नाही, अशी खात्री आपल्या मनात बसलेली आहे. रोजच्या जेवणात भात आमच्याकडे तुलनेने अलीकडे वाढला, आणि आपण भाकरीचे नियम त्याला लावून मोकळे झालो. भातात मात्र पाणी शितागणिक मुरलेले असते आणि ते झाकणाखाली कोंडून राहते.

माझ्या सासूबाईंना जिवाणूंचे नाव ठाऊक नाही, पण हा फरक त्यांच्या बोलण्यात अचूक आहे. "भाकरी शिळी होते, भात विटतो," असे त्या म्हणतात. जुन्या घरांत रात्री भात मोजकाच टाकत आणि उरलेला रात्रीच गाईम्हशींच्या आंबोणात घालत, हे त्यांच्याकडूनच कळले. आता दारात जनावर नाही आणि अन्न फेकवत नाही, म्हणून भात राखून ठेवण्याची वेळ येते.

ताकाबद्दलही एक गैरसमज आहे : आंबील चालते, तसा शिळा भातही ताक घातले की चालतो. ज्वारीच्या पिठाची आंबील जाणूनबुजून आंबवलेली असते, आणि तिच्यातल्या आंबटपणामुळे असे जिवाणू वाढायला अडथळा होतो. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या भातावर सकाळी ताक ओतणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण तोपर्यंत भातात जे व्हायचे ते होऊन गेलेले असते, आणि ताकाने विष निघून जात नाही.

रात्री नेमके काय करावे

जेवण संपल्यावर भात झाकून ठेवून भांडी आवरायला जाणे, ही आमची खरी चूक होती. आता क्रम उलटा केला आहे. शेवटचे ताट वाढून झाले की उरलेला भात लगेच मोठ्या परातीत काढतो आणि तो दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड राहणार नाही असा पसरतो. त्यावर कोरडे, विरळ, स्वच्छ फडके टाकून परात छताच्या पंख्याखाली ठेवतो. दहा मिनिटांनी उलथण्याने कडेकडेने हलक्या हाताने वर-खाली करतो, म्हणजे शिते मोडत नाहीत आणि खालची वाफ निघते. वीस ते तीस मिनिटांत भात खोलीच्या हवेइतका होतो. कूलरसमोर परात ठेवू नये, कारण कूलरची हवा ओली असते आणि त्याच्या टाकीतले पाणी अनेकदा दिवसेंदिवस बदललेले नसते.

परात पाण्यात ठेवली तर भात आणखी लवकर निवतो. पाण्याची टंचाई असताना हे सुचवायला मला संकोच वाटतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आम्ही कोणी विसरलेलो नाही. परंतु तांदूळ-डाळ धुतलेले किंवा फरशी पुसण्यासाठी काढून ठेवलेले पाणी मोठ्या घमेल्यात घेऊन त्यात परात तरंगती ठेवली, तर वेगळे पाणी लागत नाही आणि नंतर ते झाडांना किंवा फरशीला वापरता येते. ते पाणी भातात उडणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

सर्वसाधारण नियम असा की शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासातच. आपल्याकडे मार्च ते जून हा एका तासाचाच नियम धरावा. भात पूर्ण गार होण्याची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. पसरलेल्या भाताची वाफ गेली आणि तो कोमट झाला की उथळ, रुंद स्टीलच्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावा. गरम भाताने भरलेले खोल पातेले मात्र तसेच फ्रीजमध्ये ढकलू नये, कारण त्याचा मध्यभाग तिथेही कित्येक तास उबदार राहतो आणि शेजारचे दूधही तापते. डब्याचे झाकण पहिला अर्धा तास किंचित उघडे ठेवून मग घट्ट लावावे, म्हणजे आत पाण्याचे थेंब साचत नाहीत.

असा ठेवलेला भात 24 तासांत संपवावा. घरात कोणी जेवायला नसेल तर पातळ थापून फ्रीजरमध्ये ठेवावा, तिथे तो आठवडाभर सहज राहतो आणि खालच्या कप्प्यातल्या भाताइतका कडकही होत नाही. एकादशीची भगर उरली तर तिलाही हेच नियम लावावेत.

वीज गेल्यावर फ्रीजचे दार उघडू नये. दार बंद असेल तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून अधिक वेळ वीज नसेल तर त्यातला भात खाण्यासाठी धरू नये. रात्री आपण झोपेत असताना वीज किती वेळ गेली हे कळत नाही, म्हणून आम्ही फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवले आहे. नाणे बर्फात रुतलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला, हे समजते.

फ्रीजमधला भात कडक का होतो

हा दोष बिघाडाचा नाही. भात शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. भात थंड होऊ लागला की स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट बसतात आणि आतले पाणी बाहेर ढकलतात. ही क्रिया फ्रीजच्या, म्हणजे चार-पाच अंशांच्या तापमानात विशेष वेगाने होते. स्टार्चचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन भाग असतात, आणि ज्या तांदळात अमायलोज जास्त असते त्याचा भात मोकळा होतो, पण तोच फ्रीजमध्ये अधिक कडक होतो. चिकट शिजणाऱ्या आंबेमोहोरासारख्या तांदळाचा भात तुलनेने मऊ राहतो.

समाधानाची गोष्ट अशी की पाणी आणि उष्णता दोन्ही मिळाली की यातला बराचसा कडकपणा परत जातो. नुसत्या उष्णतेने तो जात नाही, उलट भात अधिकच वाळतो, आणि आमची शिते करपत होती ती याच कारणाने. आता भात डब्यातून काढल्यावर ओल्या हाताने गाठी मोकळ्या करतो, एका वाटीला एक ते दोन चमचे पाणी शिंपडतो, फोडणीत एकदा वर-खाली करून लगेच घट्ट झाकण ठेवतो आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटे वाफ येऊ देतो. वरणाबरोबर साधा भात हवा असेल तर इडलीच्या भांड्यात ओले फडके अंथरून वाफवलेला भात ताज्याच्या अगदी जवळ जातो. मायक्रोवेव्हमध्ये झाकून, मध्ये एकदा हलवून, शेवटी दोन मिनिटे तसाच राहू द्यावा, कारण त्यात उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही. कोणत्याही पद्धतीत मध्यभाग 75 अंशांपर्यंत जायला हवा. थर्मामीटर नसेल तर मधलाच घास उचलून पाहावा. तो बोटांना धरवणार नाही इतका कढत असावा आणि त्यातून वाफ निघावी. एकदा गरम केलेला भात उरला, तर तो पुन्हा ठेवू नये.

डब्यातला भात

ज्यांच्या घरी रात्रीची काळजी घेऊनही मुलांच्या पोटाची तक्रार राहते, त्यांनी शाळेच्या डब्याकडे पाहावे. आमच्याकडे हेच झाले होते. सकाळी साडेसहाला भात नीट गरम केला, कढतच डब्यात भरला, झाकण लावले आणि दप्तरात ठेवला. त्यानंतर तो डबा मधल्या सुट्टीपर्यंत त्याच धोक्याच्या उबेत राहत होता. रात्री वाचवलेला भात आपण सकाळी पुन्हा त्याच पट्ट्यात नेऊन ठेवत होतो. शेतावर जाणाऱ्याच्या डब्यात तर हा काळ सहा-सात तासांचा होतो, तेही बांधावरच्या उन्हात. शिळ्या भाताचा डबा आम्ही उन्हाळ्यात पूर्ण बंद केला आहे. फोडणीचा भात घरी, गरम असतानाच खायचा. डब्यात पोळी-भाजी किंवा सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ, द्यायची.

लग्नाच्या पंगतीतून किंवा भंडाऱ्यातून रात्री घरी आलेल्या भाताबद्दल तो किती वाजता शिजला हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून तो सकाळसाठी राखू नये.

त्रास झालाच तर

विषामुळे होणारी उलटी आणि मळमळ साधारण अर्ध्या तासापासून सहा तासांत सुरू होते. पोटात गेल्यावर जिवाणू वाढून होणारे जुलाब आणि पोटदुखी याहून उशिरा, सहा ते पंधरा तासांनी दिसतात. धडधाकट माणसाला बहुधा एका दिवसात बरे वाटते. घोट घोट जलसंजीवनी देत राहावे. लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध माणूस असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल किंवा ग्लानी येत असेल, तर उन्हाळ्यात अंगातले पाणी फार लवकर कमी होते, म्हणून वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

इतके करूनही भाताला वास येत असेल तर

अशा वेळी फ्रीज तपासावा. हिवाळ्यात कमी करून ठेवलेली तापमानाची चकती अनेक घरांत उन्हाळ्यात पुन्हा वाढवली जात नाही. आमच्याकडे ती दोनवर राहिली होती. पेल्यात पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवावा आणि रात्रभरानंतर आकडा पाहावा. तो 5 च्या वर असेल तर चकती वाढवावी आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, म्हणजे मागची गरम हवा निघून जाते. मग दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज सुटून आली, तर रबर सैल झाले आहे. ते साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावे, आणि तरीही पट्टी सुटत असेल तर बदलून घ्यावे. आमच्या फ्रीजचे रबर खालच्या कोपऱ्यात चिरले होते आणि भाताचे डबे आम्ही नेमके त्याच कोपऱ्याजवळ ठेवत होतो.